एस्टीमचे इंजिन हार्नेस (इंजिनावरच्या वायरींचा जुडगा) बदलले आणि विजेचा सगळाच घोळ झाला. शोधायला सुरुवात कुठून करावी?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. वडिलांची २००३ सालची मारुती एस्टीम (एमपीएफआय, १२९८ सीसी) यंदा जूनपासून सप्टेंबरपर्यंत गावाकडे, भाताच्या पिंजराच्या गंजीला लागून असलेल्या छपरात उभी होती. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको की त्या चार महिन्यांत जिथे कोरडे मिळेल तिथे उंदीर शिरतात. बॉनेट उघडले तेव्हा इंजेक्टरांच्या वायरी अशा कुरतडलेल्या होत्या की तांबे दोऱ्यासारखे लोंबत होते.

कोल्हापूरच्या भंगार बाजारातून त्याच मॉडेलचे जुने इंजिन हार्नेस आणले आणि चुलतभावाच्या मदतीने दोन रविवार खर्चून मी ते स्वतः बसवले. गाडी सुरू झाली, पण पुढील त्रास मागे लागले. बॅटरी नवी असूनही सेल्फ जड फिरतो. गाडी चालू असताना हेडलाइट लावले की तापमानाचा काटा चढतो आणि बंद केले की उतरतो. किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा पेटत नाही, आणि एकदा जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. रिव्हर्स टाकताना अधूनमधून फ्यूज उडतो व त्यासोबत मीटर आणि इंडिकेटरही बंद पडतात. चेक इंजिनचा दिवा तर कायमचाच पेटलेला आहे आणि रिकाम्या गतीवर (आयडलिंगला) इंजिन वरखाली होत राहते.

माझा प्रश्न एवढाच आहे की हे सगळे हार्नेस पुन्हा उतरवून तपासावे, की एकेक दोष हाती धरून पुढे जावे?

चंदगडचा पाहुणा

उतरवू नका. दोन रविवारांचे चार होतील, आणि चुलतभाऊ बोलायचा बंद होईल तो वेगळाच.

उद्यमबागेतला फिटर

पाच तक्रारी दिसत असल्या तरी दोष पाच असतील असे मला वाटत नाही. जड सेल्फ आणि हेडलाइटबरोबर हलणारा काटा या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मी आधी इंजिनाचे अर्थिंग (बॅटरीच्या ऋण बाजूकडे परतीची जोडणी) पाहतो. हार्नेस काढताना गिअरबॉक्सकडून बॉडीकडे जाणारी विणलेली पट्टी हमखास सोडावी लागते आणि परत लावताना ती हमखास विसरली जाते.

डोळ्यांनी पाहून समाधान मानू नका, मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन थेट बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नव्हे, खांबावर) आणि लाल पिन इंजिन ब्लॉकच्या घासून उघड्या केलेल्या धातूवर टेकवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आसपास राहिला तर उत्तम, ०.५ च्या वर गेला तर दोष सापडला असे समजा. त्याच पद्धतीने धन खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंतही मोजून घ्या.

जुना वायरमन

फिटरसाहेबांचे बरोबर आहे. मी चाळीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचेच काम केले आहे आणि पद्मिनीच्या कटआउटपासून आजच्या कंप्युटरपर्यंत एक गोष्ट बदललेली पाहिली नाही, ती म्हणजे मेस्त्री धन बाजूच्या मागे धावतो आणि दोष ऋण बाजूला बसलेला असतो. बैलहोंगलचे माझे एक जोडीदार बॉनेट उघडून दोन मिनिटे पाहत आणि गाडीच्या मालकाला कानडीत शांतपणे सांगत, "अर्थ इल्ल री" (अर्थ नाही हो). मालक बिचारा घाबरायचा, कारण कानडीत काय आणि मराठीत काय, गाडीत आता काही अर्थ उरला नाही असेच त्याला ऐकू यायचे.

मात्र मीटरवर मी फारसा विसंबत नाही. एक केसाएवढी तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींना जोडून घ्या, तो खोटे बोलत नाही.

ओहमकार

काका, बल्बाची बाजू मी अर्धीच मान्य करते. बल्ब १.७५ अँपिअर ओढतो, म्हणून कमजोर जोड लगेच उघडा पडतो हे खरे आहे. पण तोच बल्ब इंजिन कंप्युटरच्या एखाद्या वायरीला लावला तर आतला ट्रान्झिस्टर तेवढा प्रवाह सोसेलच असे नाही. जाड वायरी, दिवे, हॉर्न, फ्यूज यांसाठी बल्ब आणि सेन्सर व इंजेक्टरांसाठी फक्त मीटर, अशी वाटणी करावी.

फिटरसाहेबांनी ओहम न मोजता व्होल्ट मोजायला का सांगितले तेही लिहिते, कारण पॉलिटेक्निकमध्ये माझे विद्यार्थी दरवर्षी हेच विचारतात. समजा, अर्थिंगच्या जोडात फक्त ०.०१ ओहम इतका विरोध आहे. घरगुती मीटर तो शून्यच दाखवील. पण सेल्फ १२० अँपिअर ओढत असेल तर त्या एका जोडावर १.२ व्होल्ट खर्च होतात. म्हणून जोड तपासायचा तो प्रवाह वाहत असताना.

काट्याचे कोडेही यातूनच सुटते. गाडी चालू असताना हेडलाइटचा प्रवाह अल्टरनेटरमधून (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रातून) निघतो, दिव्यांतून बॉडीत उतरतो आणि पट्टीवाटे इंजिनमार्गे अल्टरनेटरच्या अंगात परत येतो. पट्टी नसेल तर या परतीच्या वाटेवर व्होल्ट खर्च होतात आणि इंजिन बॉडीपेक्षा थोडे ऋण होते. काट्याच्या सेन्सरचे अर्थिंग इंजिनातूनच असते, त्यामुळे काट्याच्या मीटरमधून जास्त प्रवाह खेचला जातो आणि पाणी गरम न होताही काटा चढतो. आता पट्टी नसताना हा प्रवाह परत कुठून जात असेल याचा विचार करा, आणि सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावून पाहा.

केए २३

माझ्या जुन्या व्हॅनमध्ये तो प्रवाह याच केबलमधून जाऊन तिचे प्लास्टिकचे वेष्टण आतून वितळले होते आणि अॅक्सिलरेटर अडकू लागला होता. नवी केबल टाकली, तीही महिन्यात गेली. तिसरी घेताना दुकानदारानेच विचारले की इंजिनाची अर्थिंगची पट्टी आहे का. तोवर मी केबलच्या कंपनीला शिव्या घालत होतो.

जांबोटीकर

काल संध्याकाळी मोजले. चुलतभाऊ किल्लीवर, मी मीटरवर. सेल्फ फिरत असताना ब्लॉकवर १.९ व्होल्ट आले. धन बाजूला ०.३ व्होल्ट. केबलला हात लावला तर ती चहाच्या पेल्यासारखी ऊबदार होती, आणि खरे सांगायचे तर ते पाहून अंगावर काटा आला.

पट्टी सापडली. ती हत्यारांच्या डब्यात, जुन्या प्लगांच्या खाली, दोन रविवारांपासून निवांत पडली होती. शिवाय हार्नेसचा अर्थिंगचा थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) ज्या ब्रॅकेटवर कसला होता, त्या ब्रॅकेटला गंज दिसतो म्हणून आम्हीच आदल्या दिवशी काळा रंग मारला होता. रंगावर थिंबल कसला म्हणजे काय केले ते आता कळते आहे. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, पट्टी लावली, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आता तोच आकडा ०.१५ आहे, सेल्फ झटक्यात फिरतो आणि हेडलाइट लावले तरी काटा जागचा हलत नाही.

लाल दिवा, फ्यूज आणि चेक इंजिन मात्र जसेच्या तसे आहेत.

निपाणकर

अभिनंदन. थोडे बाजूचे लिहितो, पण तेही हार्नेसच्या जिवाशीच संबंधित आहे. उंदीर परत येणार, कारण एकदा घर केलेली जागा ते सोडत नाहीत. आमच्याकडे तंबाखूचा चुरा फडक्यात बांधून बॉनेटखाली ठेवतात. गेले दोन पावसाळे माझ्या गाडीत उंदीर आलेला नाही.

चंदगडचा पाहुणा

आणि घरची माणसे?

निपाणकर

तीही येत नाहीत.

ओहमकार

पुरचुंडी ठेवायचीच असेल तर हवा आत घेण्याच्या नळीपासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा. माझ्या अनुभवाने गाडी आठवड्यातून एकदा सुरू करून थोडी फिरवणे आणि पिंजराची गंजी छपरापासून लांब नेणे याचा उपयोग जास्त होतो.

मलप्रभाकाठ

लाल दिव्याविषयी. रेस दिल्यावर चार्जिंग सुरू होते म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे. मग दिव्याच्या मागे कशाला लागायचे? किल्लीवरून एक वायर थेट अल्टरनेटरच्या त्या बारीक पिनेला द्या, म्हणजे किल्ली फिरवताच तो जागा होईल. दहा मिनिटांचे काम आहे.

उद्यमबागेतला फिटर

मलप्रभाकाठ, कृपया हा सल्ला कोणी अमलात आणू नये. डॅशबोर्डच्या मीटरमधला तो दिवा फक्त आपल्याला दाखवण्यासाठी नसतो. किल्ली फिरवली की त्या दिव्यातून अगदी थोडा प्रवाह अल्टरनेटरच्या एल पिनेपर्यंत जातो आणि त्यावर रोटरमध्ये पहिले चुंबकत्व तयार होते. दिवा मध्ये असल्यामुळे प्रवाहाला आपोआप मर्यादा राहते. ती मर्यादा काढून थेट बारा व्होल्ट दिले तर रेग्युलेटर जळण्याचा धोका आहे, आणि काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही उलट प्रवाहाने इंजिन चालूच राहते. रेस दिल्यावर चार्जिंग सुरू होते ते लोखंडात शिल्लक राहिलेल्या चुंबकत्वामुळे. ते आज आहे, उद्या असेलच असे नाही.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू करा, अल्टरनेटरचा छोटा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढा आणि कपलरमधली एल वायर एका तारेने बॉडीला टेकवा. मीटरमध्ये लाल दिवा पेटला तर दिवा आणि वायर दोन्ही ठीक, दोष अल्टरनेटरकडे किंवा कपलरच्या पकडीत. पेटला नाही तर दिवा उडाला आहे किंवा वाटेत वायर तुटली आहे. टेकवण्याआधी एल वायर कोणती ते नक्की करून घ्या. चुकून बॅटरीची वायर बॉडीला लागली तर ठिणगी पाहावी लागेल.

मलप्रभाकाठ

माझा सल्ला मागे घेतो. माझ्या ट्रॅक्टरला अशी वायर सात वर्षे आहे आणि चालते आहे, पण त्या सात वर्षांत रेग्युलेटर दोनदा बदलला हेही आता आठवले.

जांबोटीकर

बॉडीला टेकवले, दिवा पेटला नाही. मीटरचे पॅनेल काढून बल्ब पाहिला, तो चांगला आहे. म्हणजे वाटेतच कुठेतरी तुटले आहे. हार्नेस केबिनमध्ये शिरते त्या मोठ्या कपलरच्या पुढून-मागून मोजले. मागे बारा व्होल्ट, पुढे काहीच नाही. टॉर्च लावून पाहिले तर बाकीच्या पिना ओळीत उभ्या होत्या आणि एक पिन दोन-अडीच मिलिमीटर मागे सरकलेली होती. कपलर जोडताना ती आत न जाता मागे ढकलली गेली असावी. बारीक स्क्रूड्रायव्हरने तिचा कान वर उचलून ती टक् आवाज येईपर्यंत पुढे सरकवली.

आता किल्ली फिरवताच लाल दिवा पेटतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. बॅटरीवर रिकाम्या गतीला १४.१ व्होल्ट आहेत. गाडी रात्रभर उभी ठेवल्यावरचा प्रवाह मोजला तो २८ मिलिअँपिअर आला. हे चालते ना?

ओहमकार

चालते. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नसावी. २८ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तासही होत नाही. तरीही पुढच्या पावसाळ्यात चार महिने उभी करणार असाल तर ऋण खांबाचा क्लॅम्प काढून ठेवा, कारण ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तेवढा काळ एवढेही पुरेसे जड आहे.

जुना वायरमन

आता तो फ्यूज. तिथे किती अँपिअरचा बसवला आहे ते आधी सांगा.

जांबोटीकर

काका, खरे सांगतो. डब्याच्या झाकणावर १५ लिहिले आहे. तीनदा उडाल्यावर चुलतभावाने ३० चा लावला.

जुना वायरमन

तो आत्ताच्या आत्ता काढा. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. ३० चा फ्यूज टिकेल आणि वायर पेटेल, आणि वायर पेटते ती मीटरच्या मागे, जिथे तुमचा हात पोहोचत नाही.

आता मीटरवाल्या ताईंची माफी मागून माझा बल्ब पुढे करतो. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत २१ वॉटच्या बल्बच्या दोन वायरी खोचा. किल्ली चालू केली की मीटर आणि इतर भारामुळे तो मंद पेटेल. जिथे शॉर्ट होईल तिथे तो एकदम लख्ख होईल, आणि बल्बच प्रवाह अडवून धरत असल्याने काही जळणार नाही. एक मात्र करा, मागचे रिव्हर्सचे दोन्ही बल्ब आधी काढून ठेवा. नाहीतर रिव्हर्स टाकताच ते दोन बल्ब माझ्या बल्बाशी ओळीत येऊन तो उगाच उजळेल आणि तुम्हाला शॉर्ट सापडल्याचा भास होईल. मग रिव्हर्समध्ये ठेवून गिअरबॉक्सवरचे हार्नेस वीत-वीत करून हलवत जा.

ओहमकार

इथे माझी काहीच हरकत नाही, उलट रिव्हर्सचे बल्ब काढण्याची गोष्ट मलाही सुचली नसती.

जांबोटीकर

बाराव्या मिनिटाला सापडले. रिव्हर्स स्विचकडे जाणारी वायर गिअरबॉक्सवरच्या एका पत्र्याच्या ब्रॅकेटवरून जाते. मूळ हार्नेसला तिथे क्लिप होती, भंगारातून आणलेल्याला ती तुटलेली होती. इंजिन हलले की वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती, आणि वेष्टणाला गव्हाच्या दाण्याएवढी चीर पडून आतले तांबे चकाकत होते. तिथे बोट लावताच बल्ब लख्ख झाला. वायर कापून नवा तुकडा डाखला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि क्लिप लावली. १५ चा फ्यूज बसवून चोर्ला घाटापर्यंत जाऊन आलो, फ्यूज शाबूत आहे. चुलतभावाने ३० चा फ्यूज स्वतःच कचऱ्यात टाकला.

केए २३

इंजिनजवळ डाखापेक्षा चांगला दाबलेला क्रिंप टिकतो असे मला वाटते. डाखाच्या कडेला वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

उद्यमबागेतला फिटर

दोन्ही टिकतात, जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधलेली असेल तर. लोंबणारा जोड मात्र कोणताही टिकत नाही. नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडाबद्दल तर बोलायलाच नको. इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळतो आणि सहा महिन्यांत टेप केळीच्या सालीसारखी सुटते.

राहिला चेक इंजिनचा दिवा. इंजिन वरखाली होते म्हणता, पेट्रोल जास्त खाते का? मागे काळा धूर आहे का? असेल तर पाण्याच्या तापमानाचा जो दोन वायरींचा सेन्सर कंप्युटरला जातो, तो पाहा. काट्याचा एक वायरीचा सेन्सर निराळा असतो, त्याच्यात आणि याच्यात गल्लत नको. बॅटरीचा ऋण क्लॅम्प काढून, इंजिन थंड असताना आधी सेन्सरच्या पिनांवर ओहम मोजा, मग कंप्युटरचा कपलर काढून त्याच्या टोकाकडून त्याच दोन वायरींवर मोजा. २० अंशांच्या आसपास साधारण दोन-अडीच किलोओहम यायला हवेत, आणि दोन्हीकडे आकडा जवळजवळ सारखाच हवा.

जांबोटीकर

काळा धूर आहे, आणि सायलेन्सरचे तोंड काजळले आहे. सेन्सरवर २.४ किलोओहम आले. कंप्युटरच्या टोकाकडून ३१.

ओहमकार

म्हणजे कंप्युटरला इंजिन बर्फात ठेवल्यासारखे वाटते आहे. विरोध वाढला की त्याच्या हिशेबी थंडी वाढते, आणि थंड इंजिनाला तो जास्त पेट्रोल देत राहतो. सेन्सर बदलू नका, तो निर्दोष आहे. मधले २८-२९ किलोओहम कुठून आले ते शोधा. मी असते तर सेन्सरचा कपलर उघडून पाहिला असता.

जांबोटीकर

ताई, तिथेच होते. कपलरच्या रबरी सीलला चीर होती, आणि आत देवघरातली तांब्याची भांडी पावसाळ्यात कळकतात तसा हिरवा कळंक दोन्ही पिनांवर चढला होता. भंगाराच्या दुकानात हे हार्नेस पावसात पडले असावे. पिना साफ करून पाहिले तर आकडा चारवर आला, पण वायरीचे तांबेही आत बोटभर काळे पडले होते. तेवढे कापून, आमच्या कुरतडलेल्या जुन्या हार्नेसचा तोच कपलर उंदरांनी सोडलेल्या चांगल्या वायरीसकट काढून इथे जोडला. आता दोन्हीकडे २.४. दिवा विझला आणि रिकामी गती स्थिर झाली.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मलाच मिळाले आहे की हार्नेस उतरवायची गरज नव्हती. मात्र बसवण्याआधी ते जमिनीवर पसरून प्रत्येक कपलर उघडून पाहिला असता तर निम्मा त्रास वाचला असता.

निपाणकर

जुने हार्नेस टाकू नका. कपलर पुन्हा मिळत नाहीत.

सांबऱ्याची झेन

उशिरा विचारतो आहे. माझ्याही गाडीत सेल्फ जड आहे आणि काटा हलतो. वर वाचून मोजले तर १.२ व्होल्ट आले, पण माझी पट्टी जागेवर आहे, दोन्ही बोल्ट घट्ट आहेत आणि खाली रंगही नाही. मग हा दोष कुठला?

उद्यमबागेतला फिटर

तुकड्या-तुकड्याने मोजा. सेल्फ मारताना आधी खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये, मग क्लॅम्प आणि बॉडी, मग बॉडी आणि पट्टीचा थिंबल, आणि शेवटी पट्टीच्या एका थिंबलपासून दुसऱ्या थिंबलपर्यंत. १.२ पैकी सर्वांत मोठा वाटा जिथे दिसेल तिथे थांबा.

सांबऱ्याची झेन

पट्टीच्या दोन थिंबलांमध्येच ०.९ आहेत. वाकवून पाहिली तर थिंबलच्या तोंडाशी आतून हिरवी पूड गळली.